कालवडींची जनुकीय चाचणी: अहवालाचं पहिलं पान सोडून पुढचं वाचा

माझ्या होल्स्टिन कालवडींचे नमुने मी एका जनुकीय चाचणी सेवेकडे पाठवत असते. पैसे वसूल होतात का, असं इतर गोठेवाले विचारतात. होतात, पण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या एकूण गुणांकामुळे नाही.

नमुना घेणं सोपं आहे. बिल्ला मारतो तशा चिमट्याने कानाचा इवलासा तुकडा नळीत पडतो. नळीचा क्रमांक तिथल्या तिथे बिल्ल्याशी जुळवून वहीत लिहायचा. मुळासकट उपटलेले शेपटीचे केसही चालतात. जुळ्यातलं वासरू असेल तर मात्र रक्ताचा नमुना देऊ नका. जुळ्यांचं रक्त गर्भातच एकमेकांत मिसळतं आणि निकालात गोंधळ होतो. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही, तो असायलाच हवा.

प्रयोगशाळा डीएनएवरच्या हजारो खुणा वाचते. ज्या जनावरांच्या दुधाच्या, वेतांच्या, कासदाहाच्या नोंदी आधीपासून आहेत, त्यांच्या खुणांशी त्या ताडून ती कालवडीचं पैदास मूल्य, म्हणजे ती पुढच्या पिढीला कोणते गुण किती देईल याचा अंदाज, काढते. याचा खरा उपयोग सख्ख्या बहिणींत कळतो. माझ्याकडे एकाच गायीच्या, एकाच वळूपासून झालेल्या दोन कालवडी आहेत. वंशावळीवरून अंदाज बांधला तर दोघींचा आकडा एकच येतो, कारण तो आईबापाची सरासरी असतो. प्रत्यक्षात कुणाच्या वाट्याला काय आलं ते वंशावळ सांगत नाही. चाचणीत थोरली दुधाला वरचढ निघाली, तर धाकटी गाभण राहण्यात आणि कासेच्या आरोग्यात बरीच पुढे. लिंगनिश्चित, म्हणजे बहुतेक कालवडच जन्मावी अशी, रेतमात्रा मी धाकटीसाठी ठेवली.

हा निर्णय काहींना पटत नाही. पण नुसत्या दुधावर वळू निवडत गेल्याने होल्स्टिन गायी कित्येक दशकं गाभण राहायला अवघड होत गेल्या, हे विसरून चालणार नाही. याउलट नॉर्वेच्या लाल गायींच्या पैदाशीत प्रजनन आणि कासदाह १९७० च्या दशकापासून मोजले जातात. प्रजननाची आनुवंशिकता, म्हणजे गायीगायींतल्या फरकातला जनुकांचा वाटा, ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फारच कमी, म्हणून एकेका गायीच्या नोंदीवरून हा गुण ओळखता येत नाही. अशा गुणासाठीच ही चाचणी मला मोलाची वाटते.

विश्वासार्हतेचा रकाना मात्र आतल्या पानावर, बारीक अक्षरांत आहे. होल्स्टिनच्या दुधासाठी नुसत्या वंशावळीची विश्वासार्हता साधारण ३५ टक्के, चाचणीनंतर ती ७० च्या आसपास जाते. झेप मोठी आहे, तरी ७० म्हणजे १०० नव्हे. दोघींच्या आकड्यांत थोडाच फरक असेल तर त्यावरून एकीला विकायला काढू नये. संकरित जनावरांच्या बाबतीत तर जास्तच जपून वागावं. ज्या जातींच्या नोंदींवर हिशोब बसवलाय त्यांच्यापासून जनावर जितकं दूर, तितका अंदाज ढिला. सेवा मात्र संकरित कालवडीचा अहवालही त्याच थाटात देते. ही माझी सर्वांत मोठी तक्रार.

दोषवाहकांचं पान, म्हणजे कोणती कालवड कुठला आनुवंशिक दोष वाहते ते सांगणारं पान, सर्वांत आधी उघडावं असं मी सांगेन. होल्स्टिनमधला एचएच१ हा गर्भ मारणारा दोष २०११ मध्ये उघडकीला आला आणि त्याचा माग १९६२ साली जन्मलेल्या चीफ नावाच्या वळूपर्यंत गेला. त्याच्या सुमारे १६,००० लेकी होत्या, त्यामुळे दोष जगभर पसरला. गाय आणि वळू दोघंही वाहक असले तर चारांतला एक गर्भ पोटातच मरतो. आपल्याला दिसतं एवढंच, की गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. मग दोष खुराकाला नाहीतर रेतन करणाऱ्याला. माझ्या कळपात वाहक कालवडी निघाल्या. त्या मी काढून टाकल्या नाहीत, त्यांना एचएच१ नसलेला वळू लावते. एवढ्याने प्रश्न मिटतो.

अहवालात खरा बापही कळतो. एका कालवडीच्या बाबतीत वहीतला वळू आणि अहवालातला वळू वेगळे निघाले. ते वेळेवर कळलं नसतं तर पुढच्या रेतनाला तिच्या बापाचीच रेतमात्रा वापरली गेली असती.

ही सेवा मी घेत राहणार. पण ज्यांच्या गोठ्यात सगळ्याच कालवडी ठेवायच्या असतात आणि एकाच वळूची रेतमात्रा सरसकट वापरली जाते, त्यांनी यात पैसे घालू नयेत. त्यांनी आधी दूध, माज आणि रेतनाच्या तारखा लिहायला लागावं.