'हे काढायचं नाही' म्हणणारे मिस्त्री: जपानमधल्या जुन्या घराच्या कामाचा रिव्ह्यू

ह्योगो प्रांतात तांबा-सासायामाजवळच्या एका खेड्यात आम्ही आकिया बँकेतून (रिकाम्या घरांची तिथली यादी) जुनं लाकडी घर घेतलं, कित्येक वर्षं बंद पडलेलं, आणि त्याचं काम गावातल्याच एका छोट्या सुतारकामाच्या फर्मकडून करून घेतलं. रिकाम्या घरांना तिकडे तोटा नाही, २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात ९० लाख निघाली. खरा प्रश्न असतो तो कामाला हात कोण लावणार हा.

आधी शहरातल्या एका रिनोव्हेशन कंपनीने कोटेशन दिलं होतं. मातीच्या भिंती पाडा, प्लायवूड मारा, वर व्हिनाइलचा वॉलपेपर आणि खांब काँक्रीटमध्ये जखडून टाका. फोटोत एकदम चकाचक. पण अशा घराचे खांब दगडांवर नुसते टेकलेले असतात, खांबांतून आरपार गेलेल्या आडव्या पट्ट्या आणि कुडाच्या भिंती भूकंपात थोड्या हलून जोर खातात, आणि खालून वारा खेळतो म्हणून तर लाकूड टिकतं, त्यामुळे त्यांना नमस्कार केला.

गावातले मिस्त्री मात्र आल्या आल्या टॉर्च न् हातोडी घेऊन थेट फरशीखाली शिरले, एकेक खांब ठोकून आवाज ऐकत. स्वयंपाकघराकडच्या खांबाचा पाय वाळवीने पार पोखरलेला. मी म्हटलं बदलून टाका, तर म्हणाले वर चांगला आहे, काढायचं नाही. मग जॅक लावून घर किंचित उचललं, सडका भाग कापला आणि खाली नवीन लाकूड कानावा-त्सुगी सांध्याने जोडलं. दोन्ही तुकडे एकमेकांत अडकतात, मधल्या चौकोनी भोकात लाकडाची पाचर ठोकली की विषय संपला, खिळा नाही की गोंद नाही. वरचं लाकूड काळं, खालचं पिवळं, रंग फासून लपवलंही नाही, मला तर तेच जाम आवडलं.

पडलेल्या भिंतीची मातीसुद्धा फेकली नाही. चाळून, त्यात पाणी आणि भाताचा पेंढा घालून अंगणात कुजत ठेवली (वास काय विचारू नका, शेजारच्या आजी खिडकी लावून बसायच्या), मग तीच बांबूच्या कामट्यांवर परत चढवली, वर चुन्याचा गिलावा. तुळयांवर इरोरीच्या, म्हणजे घरातल्या जमिनीत खोदलेल्या चुलीच्या, धुराची काजळी बसलेली, ती मशीनने घासायची नाही म्हणाले, फक्त ओल्या फडक्याने पुसली.

कागदपत्रांचंही त्यांना भान होतं हे विशेष. घर १९८१ च्या भूकंप नियमांच्या आधीचं, त्यात एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराच्या मुख्य ढाच्याचं मोठं काम काढायचं तर आधी बांधकाम परवानगी लागते, म्हणून जुन्या पद्धतीच्या घरांची गणितं येणारा आर्किटेक्ट त्यांनीच गाठून दिला.

आता तक्रारी. कोटेशनवर विश्वास ठेवू नका, 'फरशी उघडली की कळेल' हे त्यांचं पेटंट वाक्य आणि ते कळलं की आकडा वाढतोच, आमचा जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढला. ईमेलला उत्तर नाही, फोन नाहीतर फॅक्स, हो फॅक्स! भातलावणी आली की सगळे शेतात, साइटवर चिटपाखरू नाही. सेप्टिक टँकचं काम दुसऱ्याला दिलं आणि ते गचाळ झालं, ढाळच चुकला, उखडून परत करायला लावलं. थंडीचं पण सांगतो, फरशीखाली आणि माळ्यावर इन्सुलेशन टाकून, आतून दुसऱ्या खिडक्या लावूनही जानेवारीत घर गारच असतं, फ्लॅटची सवय असेल तर अवघड जाईल.

सुतारकाम ५ पैकी ५, हिशेब आणि कम्युनिकेशन २. घाई असेल किंवा बजेट अगदी काटेकोर असेल तर यांच्या वाटेला जाऊ नका. आमच्या एनगावाच्या (घराच्या कडेची लाकडी ओसरी) फळ्या अजून बदलायच्यात, ते काम यांनाच दिलंय, भातकापणी उरकली की येतो म्हणालेत.