वॉशिंग्टनचं ब्लॅक हिस्टरी म्युझियम: तिकीट फुकट, पण अख्खा दिवस ठेवा

वॉशिंग्टनला एकाच म्युझियमपुरता वेळ असेल तर विमानं-रॉकेटांचं म्युझियम राहू दे, इथे जा. नॅशनल म्युझियम ऑफ आफ्रिकन अमेरिकन हिस्टरी अँड कल्चर, २०१६ ला उघडलं. स्मिथसोनियन या सरकारी म्युझियम-संस्थेचं असल्यामुळे पैसे लागत नाहीत पण वेळेचा पास ऑनलाइन आधी काढून ठेवायचा.

आत घुसायची घाई करू नका, आधी बिल्डिंग बघा. लांबून तीन टोपल्या एकावर एक ठेवल्यासारखी दिसते. आर्किटेक्ट डेव्हिड अजायेने हा आकार पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या कोरीव लाकडी खांबाच्या मुकुटावरून घेतलाय, अमेरिकेतल्या कामात आर्किटेक्ट फिलिप फ्रीलनचाही मोठा वाटा. बाहेरून ब्राँझ रंगाच्या जाळीचे ३,६०० पॅनल आहेत आणि ती जाळी आलीये दक्षिणेतल्या चार्ल्स्टन नि न्यू ऑर्लीन्स शहरांच्या लोखंडी कामावरून. तिकडच्या जुन्या घरांच्या गॅलऱ्या, गेटं यांचे टुरिस्ट फोटो काढतात ना, त्यातलं कितीतरी काम गुलाम लोहारांनी केलेलं, आणि बहुतेकांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

बरेच जण थेट वर म्युझिकच्या मजल्यावर पळतात. तसं करू नका, लिफ्टने खाली जा, म्युझियमचा ६० टक्के भाग जमिनीखालीच आहे आणि लिफ्ट उतरताना भिंतीवर सालं मागे मागे जात पंधराव्या शतकापर्यंत पोचतात. खाली अमेरिकेतल्या सदर्न रेल्वेचा, गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवायच्या काळातला अख्खा डबा आहे, तो २०१३ मध्ये क्रेनने खड्ड्यात उतरवला आणि मग वरून म्युझियम बांधलं! गोऱ्यांच्या भागात सामान ठेवायला रॅक, काळ्यांच्या भागात नाही, सामान पायाशी घेऊन बसा. तिथे उभं राहिलं की पुलमन पोर्टर आठवतात, म्हणजे पुलमन कंपनीचे काळे नोकर, स्लीपर डब्यात बिछाने घालायचे, बुटांना पॉलिश करायचे, नाव काही असो हाक 'जॉर्ज' अशीच, कारण मालक जॉर्ज पुलमन. कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फच्या पुढाकाराने १९२५ ला त्यांनी युनियन काढली पण कंपनीने करारावर सही करायला १९३७ उजाडलं. हाच रँडॉल्फ काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्याचा म्होरक्या, आणि मोर्च्याची माणसं जमली ती वॉशिंग्टन मॉन्युमेंटपाशी, म्हणजे जवळजवळ या म्युझियमच्या दारातच.

हे सगळं बघून मग वर जा. रॉक-अँड-रोलवाल्या चक बेरीची लाल कॅडिलॅक गाडी, पार्लमेंट-फंकाडेलिक बँडचं स्टेजवर उतरणारं 'मदरशिप' नावाचं यान वगैरे, फोटोवाल्यांची गर्दी असतेच. पण शेतात राबताना, रूळ सरकवताना एकाने ओळ टाकायची नि बाकीच्यांनी उचलायची, ही गाणी ब्लूज या काळ्यांच्या संगीताच्या मुळाशी आहेत, ते खालून वर आलात तरच लक्षात येतं. नाहीतर नुसते चकचकीत कपडे आणि गाड्या.

स्वीट होम कॅफे आतच आहे, मेनू अमेरिकेच्या चार भागांप्रमाणे वाटलेला. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून गुलामांबरोबर अमेरिकेत पोचल्या, त्यामुळे आपल्या जिभेला हे जेवण फार परकं वाटत नाही. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, दक्षिणेकडे पालेभाजीतसुद्धा डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. कॉर्नब्रेड मात्र दोन घ्या, एक पुरत नाही.