रायझन ९ ७९०० आणि बॉक्समधला रेथ प्रिझम: काही महिने वापरल्यावर

बारा कोअरच्या प्रोसेसरला त्याच्याच बॉक्समधून आलेला कूलर पुरेल का, हा प्रश्न सहसा कोअर मोजून विचारला जातो. मोजायला हवेत वॅट. जानेवारी २०२३मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ९ ७९०० या बारा कोअरच्या प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेलं उष्णतेचं माप, ६५ वॅट आहे, पण सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या बैठकीतून, तो प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढतो. या मर्यादेला पीपीटी म्हणतात. एएमडीच्या जुन्या एएम४ आणि ७९००च्या एएम५ या दोन्ही सॉकेटवर ती साधारण टीडीपीच्या १.३५ पट, असा हिशेब असतो. ८८ वॅट बाहेर टाकणं रेथ प्रिझमला, म्हणजे बॉक्समधल्या कूलरला, जमतं. याच कूलरसह २०१९मध्ये एएमडीचा ३९००एक्स प्रोसेसर विकला जात होता आणि त्याची मर्यादा १४२ वॅट होती. तिथे मात्र या कूलरची दमछाक व्हायची.

कंपायलिंग, ब्लेंडरमधलं रेंडरिंग, व्हिडिओ एक्स्पोर्ट आणि संध्याकाळी गेम, अशा मिश्र वापरानंतरचं मत असं: मूळ सेटिंगवर हा कूलर पुरतो आणि कामाचा वेग त्याच्यामुळे अडत नाही. आवाज, धूळ आणि कॅबिनेटमधली हवा या तीन गोष्टींकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं.

खोलीत २६-२७ अंश असताना सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी दहा मिनिटं चालवली की तापमान ८०च्या आसपास स्थिरावतं. खोली ३२पर्यंत गेली की प्रोसेसरचं तापमानही तेवढ्याच अंशांनी चढतं. प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे ८५ हा आकडा पाहून घाबरू नका. पण दहा मिनिटांच्या चाचणीवर विसंबूही नका. कॅबिनेटमधली हवा, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड हे सगळं तापायला वीस ते तीस मिनिटं लागतात. खरा आकडा अर्ध्या तासाच्या रेंडरनंतर दिसतो.

कूलर कमी पडतोय की नाही, हे ओळखायची खात्रीची पद्धत आहे. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वीज दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि सगळ्या कोअरवर पूर्ण भार असताना दोनच ओळी पाहा: तापमान आणि सीपीयू पीपीटी. पीपीटी ८८ वॅटला टेकलेला आणि तापमान ९५च्या खाली असेल, तर वेग वीज मर्यादेमुळे थांबलाय. मोठा कूलर घेतला तरी फार तर किंचित फरक पडेल. तापमान ९५ला चिकटलेलं आणि पीपीटी ७०-७५ वॅटवर घसरलेला असेल, तर उष्णता बाहेर पडत नाहीये. दुसरं चित्र या प्रोसेसरवर दिसलं तर कूलरच्या क्षमतेवर शंका घेण्याआधी तो नीट बसलाय का ते बघा.

बसवताना गडबड होते ती क्लिपमध्ये. रेथ प्रिझमला स्क्रू नसतात. मदरबोर्डसोबत आलेल्या दोन प्लास्टिक ब्रॅकेटच्या हुकांत क्लिप अडकवायच्या असतात. ते ब्रॅकेट आधी काढून ठेवले असतील तर परत लावा. ज्या बाजूला लिव्हर नाही ती क्लिप आधी अडकवा, मग लिव्हर पूर्ण सैल ठेवून दुसरी, आणि शेवटी लिव्हर फिरवा. शेवटच्या टप्प्यात चांगलाच जोर लागतो. लिव्हर रॅमवर किंवा व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या मदरबोर्डवरच्या भागाच्या) हीटसिंकवर आपटत असेल तर कूलर उलट्या दिशेने बसवा. एक क्लिप अर्धवट अडकली की दाब एकाच बाजूला पडतो. मग भार टाकताच काही सेकंदांत ९५ अंश दिसतात आणि नुसत्या डेस्कटॉपवरही पारा अस्वस्थ करण्याइतका वर राहतो.

कूलरच्या तळाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट कारखान्यातूनच लावलेली असते आणि पहिल्या वेळी ती चांगली चालते. कूलर एकदा उचलला की ती संपली असं समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा आणि प्रोसेसरच्या मधोमध मोठ्या वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. एएम५ प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि त्यांत बारीक कपॅसिटर दिसतात, म्हणून वीजवाहक पेस्ट इथे नको. काढताना आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, बंद करा, मग कूलर हलका डावी-उजवीकडे फिरवून उचला. एएम४वर ओढताना प्रोसेसर पिनांसकट सॉकेटबाहेर यायचा. एएम५वर तो लोखंडी चौकटीखाली दाबलेला असल्यामुळे ती भीती नाही.

आता आवाज, कारण बहुतेक लोक कूलर बदलतात ते आवाजाला कंटाळून. पंखा ९२ मिलिमीटरचा आहे, म्हणजे पुरेशी हवा ढकलायला त्याला वेगानेच फिरावं लागतं. कूलरच्या अंगावर वेगाचं एक छोटं बटण असतं, एल आणि एच अशा खुणांचं. ते एलवर ठेवा. एचवर तापमानात मिळणारा फायदा थोडा आणि आवाज दुसऱ्या खोलीत पोहोचेल इतका. त्याहून त्रासदायक म्हणजे पंख्याचं सारखं चढणं-उतरणं. या प्रोसेसरच्या चिपलेट, म्हणजे कोअर असलेले चिपचे तुकडे, जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचे आहेत. ब्राउझर उघडला तरी एखादा कोअर ५.४ गिगाहर्ट्झकडे झेपावतो आणि क्षणात तापमान १५-२० अंशांनी उडी मारतं. बायोसमधला (मदरबोर्डच्या सेटिंगमधला) मूळ फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती फिरेल याचा आलेख, प्रत्येक उडीला दाद देतो. म्हणून ६० अंशांपर्यंत पंखा ४० टक्क्यांवर सपाट ठेवा, ७५ला ६० टक्के, ८५ला ८५ टक्के, आणि ९०च्या पुढे पूर्ण वेग. शिवाय वेग वाढवण्याआधी थांबायचा अवधी तीन ते पाच सेकंद करा. मदरबोर्डनुसार त्याला स्टेप-अप टाइम किंवा असंच काहीतरी नाव असतं. एवढ्याने रोजच्या कामातली कटकट जवळजवळ संपते. लांबलचक रेंडरचा आवाज मात्र ऐकू येणारच.

गेम खेळताना प्रोसेसर ८८ वॅटच्या जवळही जात नाही, तरी काही मशीनवर तापमान चढलेलं दिसतं. कारण ग्राफिक्स कार्ड. अडीचशे-तीनशे वॅटचं कार्ड आपली गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतं आणि प्रिझमचा पंखा नेमका कार्डाच्या वर बसून तीच हवा ओढतो. पुढून दोन पंखे आत आणि मागून एक बाहेर, ही किमान व्यवस्था हवी. कॅबिनेटची बाजू उघडून तोच गेम खेळा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर पैसे कूलरवर घालू नका, पंख्यांवर घाला.

सेटिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग, उणे १५ किंवा उणे २० केला की पूर्ण भाराखालचं तापमान उतरेल अशी अपेक्षा असते. तसं होत नाही. व्होल्टेज कमी झालं की प्रोसेसर वाचलेली वीज वेग वाढवायला वापरतो आणि पुन्हा ८८ वॅटलाच पोहोचतो. वेग वाढतो, पारा जागेवर राहतो. तापमान खाली आणायचं असेल तर पीबीओमध्ये (वीज मर्यादा बदलायच्या एएमडीच्या सेटिंगमध्ये) पीपीटी हाताने ७५ वॅट करा. वीज सुमारे १५ टक्क्यांनी घटते, वेग त्यापेक्षा बराच कमी घटतो. उन्हाळ्यात हीच सेटिंग सर्वांत समाधानकारक वाटली. एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, चालू केल्यावर मेमरी कंट्रोलरची वीजही त्याच ८८ वॅटमधून जाते, हेही ध्यानात असू द्या.

पीबीओ मर्यादा पूर्ण उघडून हा कूलर वापरू नका. प्रोसेसर थेट ९५वर जाऊन बसतो, पंखा किंचाळतो, आणि वाढीव वेगाचा बराचसा भाग हातात येतच नाही.

इंटेलच्या बाजूला चित्र अगदी वेगळं आहे. आय९-१३९०० प्रोसेसरसोबत लॅमिनार आरएच१ हा कूलर मिळतो. बॉक्सवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी टर्बोची मर्यादा २१९ वॅट आहे आणि अनेक मदरबोर्ड तीही उठवतात. अशा वेळी १०० अंश ठरलेले. तिथे बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ या वीज मर्यादा स्वतः बांधून घ्याव्या लागतात, नाहीतर टॉवर कूलर (उभा, उंच कूलर) आधीच घ्यावा. नावात के अक्षर असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरसोबत कूलर येतच नाही.

धुळीकडे दर दोन-तीन महिन्यांनी बघा. हवा वरून खाली जाते, त्यामुळे धूळ पंख्याखाली पत्र्यांच्या तोंडाशी जाड थर करून बसते आणि वरून दिसतही नाही. तापमान हळूहळू चार-पाच अंशांनी चढलं की समजा. मशीन बंद करून पंख्याचं पातं बोटाने धरा, मगच दाबाची हवा मारा. पंखा मोकळा फिरू दिला तर बेअरिंग बिघडतं.

तासन्‌तास रेंडर चालत असेल किंवा मशीन कानापासून हातभर अंतरावर असेल, तर १२० मिलिमीटर पंख्याचा, चार-पाच हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर कूलर घ्या. असे कूलर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात, तर प्रिझम ९३च्या आसपास. कॅबिनेटची मर्यादा आधी तपासा. प्रिझम खाली फुंकत असल्यामुळे व्हीआरएम आणि शेजारचा एम.२ एसएसडी यांनाही हवा मिळते. टॉवर बसवल्यावर ती थांबते. स्वस्त बोर्डवर व्हीआरएमला हीटसिंक नसेल तर मागचा पंखा थोडा वाढवून ठेवा आणि पहिल्या लांब रेंडरला व्हीआरएमचं तापमान पाहा. काढलेले ब्रॅकेट आणि त्यांचे चार स्क्रू प्रिझमच्याच खोक्यात ठेवा. नवा कूलर कधी दुरुस्तीला गेला तर मशीन प्रिझमवर चालवता येतं.