टकीलाच्या गावातच टकीलाच्या नावाने फसलो

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या ग्वादालाहारात दीड वर्ष प्रोजेक्टवर होतो. परतताना मामांसाठी चांगली टकीला न्यायची म्हणून मुद्दाम टकीला गावाला गेलो. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना, ही दारू जिच्यापासून बनते त्या निळसर अगावेची शेतं. आपल्या बांधावरच्या घायपाताचीच भावंडं. रस्त्याकडेच्या एका दुकानदाराने लाकडी पिंपातली चव दिली. "शुद्ध अगावे, तीन वर्षं मुरलेली," म्हणाला. सोनेरी रंग, मेणाने बंद केलेलं बूच, लेबलवर ठळक 'अगावे आसुल', म्हणजे निळी अगावे. १,२०० पेसो मोजले. घासाघीसही केली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या स्थानिक सहकाऱ्याने बाटली फिरवून मागची बारीक ओळ दाखवली: 'लिकोर दे अगावे', म्हणजे नुसतं अगावेचं लिकर. टकीला हा शब्द अख्ख्या बाटलीवर कुठेच नव्हता! तो असेलच असं धरून मी लेबल वाचलंच नव्हतं. फार लागलं मनाला.

मग त्यानेच समजावलं. टकीला हे नाव १९७४ पासून राखीव आहे. हालिस्को आणि आणखी चार राज्यांतला ठरावीक भाग, आणि निळी अगावे, एवढ्यालाच ते लावता येतं. त्यातही '१०० टक्के अगावे' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसाची किंवा दुसरी चालते. ती टकीला कायदेशीरच, पण तिला शुद्धचा भाव देऊ नका. रंगावर तर जाऊच नका, कॅरमेल घालायला परवानगी आहे. मुरवण लेबलवरच्या शब्दावरून ओळखा: रेपोसादो किमान २ महिने, आन्येहो १ वर्ष, एक्स्ट्रा आन्येहो ३ वर्षं. शिवाय 'एनओएम' (मेक्सिकोचं सरकारी मानक) या अक्षरांशेजारी चार आकडी क्रमांक हवा, त्यावरून कारखाना कळतो. माझ्या बाटलीवर तोही नव्हता.

'देस्तिलादो दे अगावे', म्हणजे अगावेपासून गाळलेली दारू, असं दिसलं तर मात्र लगेच नाक मुरडू नका. प्रमाणपत्र नसल्यामुळे मेस्कल (अगावेचीच दुसरी दारू) हे नाव लावता न येणारे काही प्रामाणिक कारागीरही तेच लिहितात.

तक्रार करायला पावतीच नव्हती. २०२० च्या लॉकडाउनमध्ये याच हालिस्कोत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने माणसं दगावली होती. ती बाटली मामांच्या हातात देण्याची हिंमत झाली नाही, सगळी मोरीत ओतली.