व्हेगसमध्ये राहायचं कुठे? आधी सकाळच्या चहाचं बघा

आई-बाबा भारतातून येणार, ग्रँड कॅन्यन दाखवायचा, आणि जाता-येता दोन रात्री लास व्हेगस. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच मराठी घरांचा हा ठरलेला कार्यक्रम आहे. मग मला फोन येतो, "तू इतक्यांदा जाऊन आलायस, हॉटेल कुठलं घेऊ? बेलाजिओ घेऊन टाकू का? का ते शेजारचं कॅसिनो नसलेलं, व्हडारा?" प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधीच सांगतो, मी जुगारी नाही. वीस डॉलर घेऊन बसतो, ते गेले की उठतो. ज्यांना रात्रभर टेबलावर बसायचंय त्यांनी माझं ऐकू नये. त्यांच्यासाठी कॅसिनोच्या डोक्यावरच खोली असणं ही सोयच आहे, आणि नेमाने खेळणाऱ्यांना हॉटेलवाले खोलीच्या भाड्यात सूटही देतात. माझा सल्ला आहे तो आई-बाबा, पोरंबाळं आणि सोबत दशम्या-चटणीचा डबा घेऊन निघालेल्यांसाठी.

आता मूळ दुखणं. दोन वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन गेलो, तेव्हा स्ट्रिपवरच्या, म्हणजे व्हेगसच्या बड्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरच्या, एका मोठ्या, नावाजलेल्या कॅसिनो-हॉटेलात उतरलो. नाव घेत नाही, कारण दोष एकट्या त्या हॉटेलचा नाही, सगळ्या जातकुळीचाच आहे. खोली छान होती. गादी अशी की बाबा म्हणाले, "हिच्यावरून उठायला शिडी लागेल." पहाटे साडेपाचला, भारताच्या वेळेने अजून डोकं ताळ्यावर यायचं असताना, आई उठली आणि तिने किटली शोधायला सुरुवात केली. कपाट उघडलं, टीव्हीखालचा खण उघडला, बाथरूममध्ये पाहिलं. किटली नाही, कॉफीचं यंत्रही नाही. फ्रीज होता, पण त्यात हॉटेलच्या बाटल्या आणि चॉकलेटं खच्चून भरलेली, आणि वर चिठ्ठी, की वस्तू जागची हलवली तरी बिलात लागेल. म्हणजे आपलं दूध आत ठेवायची सोय नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

हा विसराळूपणा नव्हे, हे नंतर लक्षात आलं. खोलीत तुम्हाला करमू लागलं, तर खाली कोण येणार? व्हेगसच्या बहुतेक मोठ्या कॅसिनो-हॉटेलांची रचनाच अशी, की दार ते लिफ्ट, लिफ्ट ते नाश्ता, नाश्ता ते गाडी, कुठूनही कुठे जायचं तर वाट कॅसिनोतून. घड्याळ नाही, खिडकी नाही, सरळ रस्ता नाही.

तर बाबा म्हणाले, "मी आणतो चहा." स्लीपर घालून खाली गेले. पंचवीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही. मी शोधायला गेलो. लिफ्टचं दार उघडलं आणि शिळ्या सिगरेटचा भपका नाकात गेला. त्यावर कसलासा गोडसर सुगंध फवारलेला, म्हणजे धूर परवडला पण हा उतारा नको. पहाटेचे सहा वाजत होते, आणि मशीनसमोर माणसं बसलेली, त्यांच्या हातात जळत्या सिगरेटी. बाबा सापडले ते दोन कागदी पेले हातात धरून एका खांबाशी उभे. चहा मिळाला होता, लिफ्ट हरवली होती. म्हणाले, "तीनदा फिरून याच बाईपाशी आलो." बाई म्हणजे मशीनवरची क्लिओपात्रा. चहा अर्थातच कोमट पाणी आणि दोऱ्याची पिशवी, वर एका चहाला आपल्याकडच्या थाळीचे पैसे. आईला दम्याचा त्रास आहे. पुढचे दोन दिवस ती लिफ्टपासून दारापर्यंत पदर नाकाला लावून चालत होती.

यात कायद्याचा भाग असा, की नेवाडात 2006 साली मतदारांनी उपाहारगृहं वगैरे ठिकाणी सिगरेटबंदी आणली, पण कॅसिनोचा मजला त्यातून वगळला. त्यामुळे 'नॉन-स्मोकिंग खोली' मिळते, पण खोलीपर्यंतची वाट नॉन-स्मोकिंग मिळेलच असं नाही. मुलांचंही तेच. एकवीस वर्षांखालच्यांना कॅसिनोतून जाता येतं, थांबता येत नाही. माझी भाची एका लखलखत्या मशीनपाशी बूट बांधायला खाली बसली, तर सुरक्षारक्षक अगदी हसतमुखाने येऊन म्हणाला, पुढे चला. गोव्यात बघा, मांडवीतल्या बोटीवर जायचं, हौस भागवायची, होडीने काठावर परत यायचं आणि आपल्या हॉटेलात झोपायचं. व्हेगसमध्ये उशी आणि जुगार एकाच छपराखाली.

त्यानंतर मी व्हडारात राहिलो, आणि गेल्या खेपेला पुन्हा तिथेच. बेलाजिओच्या मागच्या अंगाला, 2009 साली उघडलेला वक्राकार काचेचा मनोरा. कॅसिनो नाही, सिगरेट नाही. आत शिरलं की पाच पावलांवर लिफ्ट. हे वाचायला फालतू वाटेल, पण दिवसातून सहा वेळा ये-जा करणाऱ्या माणसाला विचारा. खोलीत छोटासा ओटा, सिंक, मायक्रोवेव्ह आणि रिकामा फ्रीज. मायक्रोवेव्हमधला चहा म्हणजे चहाची विटंबनाच, मान्य आहे. पण आईने आलं किसून, घरून आणलेली पावडर टाकून केलेला तो चहा आम्ही खिडकीशी बसून प्यायलो, आणि त्या सहलीतली पहिली सकाळ खऱ्या अर्थाने सकाळ झाली.

मग बेलाजिओ वाईट का? छे! दिसायला आजही त्याच्याइतकं देखणं काही नाही असं माझं मत. 1998 मध्ये उघडलं, आणि लॉबीच्या छताला काचशिल्पकार चिहुलीने केलेली ती दोन हजारांच्या आसपास काचेची फुलं पाहून बाबा मान वर करून इतका वेळ उभे राहिले की मागचे लोक वळसा घालून जाऊ लागले. काचेखालची बाग ऋतूप्रमाणे बदलते. कारंजी तर आहेतच. पण यातलं काय बघायला तिथे राहावं लागतं? बाग फुकट, लॉबी फुकट, कारंजी रस्त्यावरून फुकट. व्हडारातून मागच्या वाटेने चालत बेलाजिओत जाता येतं, आणि पार्क एमजीएम हॉटेलकडे जायला फुकट ट्रॅम आहे. बाबांच्या गुडघ्याने त्या ट्रॅमला मनापासून आशीर्वाद दिले. व्हेगसमध्ये 'ते काय, समोरच तर आहे' म्हणून चालायला लागलं, की अर्ध्या तासाची निश्चिंती असते.

व्हेनेशियनचं नाव बरेच जण काढतात. खोल्या प्रशस्त, सहा जणांच्या कुटुंबाने बॅगा पसरल्या तरी वावरायला जागा उरेल अशा. वरच्या मजल्यावर व्हेनिसच्या नकलेचा कालवा, नावाडी, रंगवलेलं आकाश. तिथे कायम संध्याकाळच असते, आई म्हणाली, "दिवा लावायची वेळ झाली की." खोलीच्या आकारावर निवड करायची असेल तर मी वाद घालणार नाही. पण तिथेही कॅसिनो आहेच, आणि माझं घोडं पुन्हा तिथेच अडतं.

मधला मार्ग हवा असेल तर पार्क एमजीएम. कॅसिनो आहे, पण 2020 पासून अख्खं हॉटेल सिगरेटमुक्त, आणि स्ट्रिपवरच्या कॅसिनो-हॉटेलांत हे करणारं ते पहिलंच. ज्याला थोडं खेळायचंय आणि बायकोला धूर सोसत नाही, त्याने हे घ्यावं. खोल्या आटोपशीर आहेत. माझ्या मामेभावाला ते व्हडारापेक्षा आवडलं. त्याच्या मते व्हडारा 'दवाखान्यासारखं शांत' आहे. बरोबर आहे त्याचं. रात्री अकराला खाली उतरून काही गंमत दिसेल ही अपेक्षा व्हडाराकडून ठेवू नये.

एमजीएम ग्रँडच्या मागे सिग्नेचर नावाचे तीन मनोरे आहेत, तिथेही कॅसिनो नाही, ओटा आहे, काही खोल्यांना चक्क बाल्कनी आहे, जी स्ट्रिपवर दुर्मीळ. भाव पुष्कळदा व्हडारापेक्षा कमी दिसतो. फक्त स्ट्रिपवर यायला एमजीएम ग्रँडच्या पोटातून बराच वेळ चालावं लागतं, म्हणजे धुराचा हिशोब थोडा लांबणीवर पडतो इतकंच. तरुण जोडप्यासाठी हरकत नाही.

आणि फ्रीमाँट स्ट्रीट. मी मित्रांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथेच उतरलो होतो. जुनं व्हेगस ते हेच. गोल्डन गेट 1906 पासून उभं आहे, म्हणजे नेवाडाने 1931 मध्ये जुगार कायदेशीर केला त्याच्याही आधीपासून. स्वस्त, गर्दीचं, मोकळंढाकळं. डोक्यावर दिव्यांचं छत, खाली तीन ठिकाणी तीन बँड एकदम वाजतायत. पंचविशीत मजा आली. आई-बाबांना तिथे उतरवायचं म्हणजे गणपती विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर खोली घेण्यासारखं. संध्याकाळी तासभर दाखवून आणा. मुलं बरोबर असतील तर तिथल्या नव्या सर्का हॉटेलाकडे वळूही नका, एकवीसखालच्यांना आतच घेत नाहीत.

पैशांचं थोडक्यात. खोलीचा आकडा पाहून भुलू नका; वर रोजची रिसॉर्ट फी, साधारण पन्नास डॉलरच्या आसपास, शिवाय कर. ही फी व्हडारालाही आहे, माझं लाडकं म्हणून लपवत नाही. मे 2025 पासून हॉटेलांना सक्तीची फी धरूनच भाव दाखवावा लागतो, त्यामुळे तुलना सोपी झाली. मंगळवार-बुधवार आणि शुक्रवार-शनिवार यांच्या भावात कधीकधी दुपटीहून जास्त फरक पडतो. नोव्हेंबरात मोटारींच्या शर्यतीचा आठवडा तर टाळाच. 2023 पासून ती शर्यत स्ट्रिपवरूनच धावते, आणि कारंज्यांसमोर प्रेक्षकांचे मांडव पडतात.

व्हडाराच्या दोन खोडी सांगून टाकतो. गाडी स्वतः लावायला तिथे जागा नाही. एक तर वॅलेटला द्या, नाहीतर शेजारच्या आरिया हॉटेलात लावून चालत या. आपल्यासारख्या गाडी घेऊन जाणाऱ्यांना हे खुपतं, विशेषतः डिकीत तांदळाचा कुकर असताना. दुसरी खोड पोहण्याच्या तलावाची. इमारतीची काच आतल्या बाजूला वळलेली, त्यामुळे सुरुवातीला ऊन एकवटून तलावाशी पहुडलेल्या लोकांना चटके बसत, 2010 मध्ये त्याच्या बातम्याही झाल्या होत्या. मग मोठ्या छत्र्या वगैरे उपाय झाले. आम्ही गेलो तेव्हा काही जाणवलं नाही, पण आम्ही सकाळी आठलाच गेलो होतो आणि आई काठावर पूर्ण साडीत बसली होती.

एक गोष्ट मात्र कुठेही उतरलात तरी बघा. सीझर्स पॅलेस हॉटेलच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, 1984 पासून चतुर्मुख ब्रह्मदेवाची थाई मूर्ती आहे. आईला आधी खरंच वाटेना. ब्रह्मदेवाचं देऊळ पुष्करला, ते इथे कुठून, असं तिचं म्हणणं. लोक उदबत्त्या लावून जातात. ती हात जोडून बराच वेळ उभी होती, आणि त्या धुराला मात्र तिने पदर लावला नाही.

येत्या डिसेंबरात पुन्हा जायचं चाललंय, यावेळी मावशीही आहे. मामेभाऊ पार्क एमजीएमचा आग्रह धरून बसलाय, आणि भाव पाहिले तर तेच थोडं स्वस्त पडतंय. मी अजून कुणाला काही बोललो नाही. बाबांचा काल फोन आला होता, त्यांनी एवढंच विचारलं, "ते ओटावालंच घेतलंस ना?"