ऑटोरन्स: संगणक सुरू होताना पडद्यामागे काय काय चालते ते दाखवणारे साधन

विंडोज संगणक सुरू व्हायला वेळ लागू लागला की आपल्याकडे दोनच सल्ले हमखास मिळतात: ‘फॉरमॅट मारून घ्या’ किंवा ‘रॅम वाढवा’. दोन्ही उपाय प्रसंगी लागू पडतात, परंतु वेळ नेमका कुठे जातो आहे हे न पाहता ते करणे म्हणजे पैसा आणि एक दिवस उगाच घालवणे होय. ते पाहण्यासाठी जी मोफत साधने उपलब्ध आहेत, त्यांपैकी ‘ऑटोरन्स’ हे मला सर्वांत भरवशाचे वाटते. त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत, आणि त्या ठाऊक नसतील तर हे साधन हाती घेऊनही संगणक जिथल्या तिथे राहतो.

ऑटोरन्स हा ‘सिसइंटर्नल्स’ या विंडोजसाठीच्या साधनांच्या संचाचा भाग आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी 1996 साली सुरू केलेला हा उपक्रम 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला आणि तेव्हापासून ही साधने त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. झिप फाइल उतरवायची, उघडायची आणि आतला प्रोग्राम उजव्या क्लिकने ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवायचा, एवढेच काम आहे. इन्स्टॉल काहीही करावे लागत नाही. ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. संगणकाचा वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी बरीचशी ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताच स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात, आणि ज्या आजारावर औषध म्हणून ती आणली त्यातच भर घालतात.

आता कोणी विचारेल की विंडोज 8 पासून टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपची यादी दिलेली असताना वेगळे साधन कशाला हवे? साध्या तक्रारीसाठी खरोखरच नको. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून ती यादी उघडावी आणि नको ते बंद करावे. मात्र टास्क मॅनेजर दाखवतो ते मुख्यतः रजिस्ट्रीतील (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या जागेतील) ‘रन’ नोंदी, स्टार्टअप फोल्डर आणि स्टोअरमधील अॅप्स एवढेच. टास्क शेड्युलरमधून (ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीतून) लॉग-इनच्या क्षणी सुटणारी कामे, सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर) त्या यादीत येत नाहीत, आणि अपडेट तपासणारे बहुतेक प्रोग्राम नेमके तिथेच मुक्कामाला असतात. शिवाय त्या यादीतील ‘इम्पॅक्ट’च्या रकान्यात ‘हाय’ दिसले म्हणून घाबरण्याचेही कारण नाही: प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवरील तीन एमबीहून अधिक वाचन-लेखन, एवढ्यावर ते लेबल चिकटते. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या संगणकाला तीन एमबी म्हणजे काहीच नव्हे.

ऑटोरन्स प्रथम उघडल्यावर मात्र छाती दडपते. लॉगऑन, एक्सप्लोरर, शेड्युल्ड टास्क्स, सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स असे एकामागून एक टॅब, आणि ‘एव्हरीथिंग’मध्ये त्या सगळ्यांची मिळून एक लांबलचक यादी. नवख्या माणसाने सर्वप्रथम ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’वर खूण करावी आणि ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स’ निवडून यादी पुन्हा तपासून घ्यावी, म्हणजे विंडोजचे स्वतःचे सामान नजरेआड होते आणि बाहेरून आलेले तेवढे उरते. प्रोग्रामच्या निर्मात्याची डिजिटल सही नसलेल्या किंवा न जुळणाऱ्या नोंदी गुलाबी रंगात दिसतात. ज्या नोंदीमागची फाइलच डिस्कवर सापडत नाही ती पिवळी होते: शिधापत्रिकेवर नाव आहे, पण माणूस केव्हाच घर सोडून गेला आहे, अशी तिची अवस्था असते.

हे साधन मी ज्या संगणकांवर वापरले त्यांपैकी एका कर सल्लागाराच्या कार्यालयातील जुन्या लॅपटॉपचे उदाहरण बोलके आहे. टास्क मॅनेजरमधील यादी तिथे कोणीतरी आधीच साफ केलेली होती, तरीही डेस्कटॉप दिसल्यानंतर बराच वेळ माउसशेजारची चकती फिरत राहायची. ऑटोरन्सच्या शेड्युल्ड टास्क्समध्ये भंगारात गेलेल्या प्रिंटरचा शाई तपासणारा प्रोग्राम निघाला, सर्व्हिसेसमध्ये त्याच प्रिंटरची आणखी एक शेपटी निघाली, आणि डिजिटल सहीच्या दोन वेगवेगळ्या यूएसबी टोकनची सॉफ्टवेअर एकाच वेळी सुरू होत असल्याचे दिसले, त्यांतले एक टोकन तर मुदत संपून कपाटात पडले होते. कपाटातल्या टोकनचे आणि प्रिंटरचे सगळे बंद केले. दुसऱ्या टोकनला हात लावला नाही, कारण आयकर विवरणपत्रापासून ई-निविदेपर्यंत त्या कार्यालयाचे निम्मे काम त्या सहीवर चालते आणि शेवटच्या तारखेला सही होत नाही म्हटल्यावर संगणकाच्या वेगाचे कौतुक कोणालाही राहत नाही.

अशा ठिकाणी ऑटोरन्सचा खरा गुण कामाला येतो. नोंदीपुढची खूण काढली की ती नोंद पुसली जात नाही. साधन ती बाजूला नेऊन ठेवते, आणि पुन्हा खूण केली की ती पूर्ववत होते. सर्व्हिसच्या बाबतीत ती आधी कोणत्या प्रकारे सुरू होत होती याचीही आठवण राखली जाते. याउलट ‘डिलीट’ केलेली नोंद परत आणण्याची सोय नाही, म्हणून खूण काढून काही दिवस नेहमीचे काम करून पाहावे आणि मगच पुसण्याचा विचार करावा. खरे तर पुसण्याची गरज फारशी पडतच नाही. एखादी सर्व्हिस हवी आहे पण लगेच नको, असे असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ हा पर्याय असतो, ज्यामुळे ती साधारण दोन मिनिटे उशिरा सुरू होते. हा पर्याय ऑटोरन्समध्येच दिला असता तर किती सोयीचे झाले असते!

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. ऑटोरन्स काय सुरू होते ते सांगते, त्याला किती वेळ लागतो ते सांगत नाही. शंभर नोंदींपैकी दोषी कोणती, हे केवळ यादी पाहून कळत नाही, आणि मग दिसेल त्याची खूण काढत सुटण्याचा मोह होतो. वेळेचा हिशेब विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दडलेला असतो. तिथे मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये विंडोज, त्यात ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ आणि त्यात ‘ऑपरेशनल’ नोंदवही उघडावी. 100 क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्यास लागलेला एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो, म्हणजे 85,000 दिसले तर 85 सेकंद. त्याच नोंदीच्या तपशिलात डेस्कटॉप येईपर्यंतचा काळ आणि त्यानंतर संगणक शांत होईपर्यंतचा काळ वेगवेगळा दिलेला असतो. उशीर करणाऱ्या प्रोग्रामची नोंद 101, ड्रायव्हरची 102 आणि सर्व्हिसची 103 क्रमांकाखाली सापडते. ही नावे आधी टिपून घ्यावीत आणि मग ऑटोरन्समधील शोधाच्या चौकटीत टाकावीत. तपासाची योग्य वाट हीच आहे. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या असूनही त्यांची गाठ अजून कोणी घालून दिलेली नाही, याचे आश्चर्य वाटते.

फरक मोजताना ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’ करावे. विंडोज 8 पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये संगणक बंद करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, संपूर्ण नवी सुरुवात फक्त रीस्टार्टमध्ये होते.

काही प्रसंगी दोष या यादीत असूच शकत नाही. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या पानावर वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रामने (बायोसने) घेतलेला वेळ. तोच मोठा असेल तर विंडोजची पाळी येण्याआधीच वेळ जात आहे, आणि त्यावर ऑटोरन्सची मात्रा चालणार नाही. दुसरे म्हणजे फिरती हार्ड डिस्क. मिनिटाला 5,400 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीलाच सुमारे 11 मिलिसेकंद लागतात, आणि संगणक सुरू होताना तर इथली थोडी, तिथली थोडी अशी हजारो तुकड्यांची वाचने करायची असतात. सेकंदाला जेमतेम शंभरेक विखुरलेली वाचने करणारी डिस्क एका बाजूला आणि हजारोंनी करणारी एसएसडी दुसऱ्या बाजूला, ही बरोबरीची लढतच नाही. वर सांगितलेल्या लॅपटॉपमध्येही अशीच डिस्क होती. ऑटोरन्समुळे चकती फिरण्याचा वेळ जाणवण्याइतका घटला, परंतु संगणक खऱ्या अर्थाने चपळ झाला तो एसएसडी बसवल्यावरच. खिशात पैसे असतील आणि डिस्क जुनी असेल, तर क्रम उलटा ठेवावा, असेच मी सांगेन.

संशयास्पद नोंदी ‘व्हायरसटोटल’ या व्हायरस तपासणाऱ्या संकेतस्थळावर तपासण्याची सोय आतच दिलेली आहे आणि ती उपयुक्त आहे. नेहमीच्या तपासणीत फाइलचा केवळ हॅश (तिची ओळख पटवणारा, बोटाच्या ठशासारखा संकेतांक) पाठवला जातो; मात्र अनोळखी फाइल पाठवण्याचा वेगळा पर्याय निवडला तर फाइलच बाहेर जाते, तेव्हा कार्यालयीन संगणकावर तो पर्याय न निवडलेला बरा. कोणती नोंद ठेवावी आणि कोणती नको, याविषयी साधन स्वतः अवाक्षर काढत नाही. ‘सर्च ऑनलाइन’वर क्लिक करून आपणच शोधायचे. त्यामुळे रजिस्ट्री किंवा सर्व्हिस हे शब्द ज्यांच्या कानांवरून कधी गेलेले नाहीत त्यांनी हे एकट्याने वापरू नये. दहा-बारा संगणकांची देखभाल करणारा शाळेतील शिक्षक, पतसंस्थेतील कर्मचारी किंवा घरातला ‘संगणकवाला’ यांच्यासाठी मात्र हे पाचपैकी चार ताऱ्यांचे साधन आहे. एक तारा वेळेच्या मोजमापाअभावी कापला. अशांनी यादी साफ करून झाल्यावर ‘सेव्ह’ करून तिची प्रत ठेवावी, आणि पुढे कधी तक्रार आली की ‘कंपेअर’मधून ती प्रत निवडावी. मधल्या काळात नव्याने शिरलेल्या नोंदी हिरव्या रंगात वेगळ्या दिसतात, आणि तपास तिथूनच सुरू करता येतो.