लिझ फेअर: घरातल्या कॅसेटपासून पहिल्या अल्बमपर्यंत

अमेरिकन गायिका-गीतकार लिझ फेअर हिच्या पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने मॅटाडोर रेकॉर्ड्सने २०१८ मध्ये ‘गर्ली-साउंड टू गायव्हिल’ हा संच काढला. तीन सीडी किंवा सात एलपी अशा दोन रूपांत निघालेल्या या संचात १९९३ चा ‘एग्झाइल इन गायव्हिल’ हा अल्बम आहेच. शिवाय १९९१ मध्ये तिने घरी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘गर्ली-साउंड’ नावाच्या तीन कॅसेटमधील गाणीही आहेत. मूळ अल्बम बहुतेक चाहत्यांकडे पूर्वीपासून असणार, त्यामुळे संच घ्यावा की नाही हे या कॅसेटवरच ठरते.

ओबर्लिन महाविद्यालयातील शिक्षण संपवून आणि काही काळ सॅन फ्रान्सिस्कोत राहून फेअर शिकागोजवळच्या विनेट्का या सुखवस्तू उपनगरात आई-वडिलांच्या घरी परतली. तिथे फोर-ट्रॅक रेकॉर्डर (चार वेगवेगळे आवाज एकावर एक चढवता येणारे साधे घरगुती यंत्र), गिटार आणि स्वतःचा आवाज एवढ्याच सामग्रीवर तिने ही गाणी केली. ओळखीच्या दोघांना पाठवलेल्या कॅसेटच्या प्रतींवरून प्रती निघत गेल्या आणि मॅटाडोरशी करार होण्याआधीच तिचे नाव जाणकारांत पोहोचले.

‘गायव्हिल’ हा अल्बम म्हणजे रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘एग्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ या अल्बमला गाण्यागणिक दिलेले उत्तर आहे, असे फेअर हिने वेळोवेळी सांगितले आहे, आणि दोन्हींत अठरा गाणी आहेत हेही खरे. परंतु ‘डिव्होर्स साँग’, ‘फ्लॉवर’ यांसारखी गाणी कॅसेटवर आधीच आढळत असल्यामुळे हे उत्तर गीतलेखनात नसून निवडीत आणि क्रमात असावे, असे मला वाटते. आणि निवड इतकी नेमकी साधणे हेही लहान काम नव्हे.

विमानातून रात्रीचे शिकागो पाहणारे ‘स्ट्रॅटफर्ड-ऑन-गाय’ हे गाणे कॅसेटवर ‘बॉम्ब’ या नावाने येते. तिथे ते एकटीने गुणगुणल्यासारखे आहे. अल्बममध्ये त्याला ड्रम आणि विजेच्या गिटारींची जोड मिळते, तरी आवाज तसाच सपाट, किंचित खालच्या पट्टीतला राहतो. निर्माता ब्रॅड वूड याने अनेक गाण्यांत आधी तिची गिटार ध्वनिमुद्रित करून मग त्या गिटारीभोवती ड्रम बसवले, हा रॉकमधील नेहमीच्या रीतीच्या उलट क्रम होता. लय तिच्या हाताच्या चालीने पुढेमागे होते ती त्यामुळेच.

कॅसेटची खरखर कायम आहे, आणि तिन्ही सलग ऐकल्यास एकसुरीपणा जाणवतो. शब्द काही ठिकाणी इतके उघड आहेत की घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर हा संच लावू नये. ज्यांनी फेअर कधीच ऐकली नाही त्यांनी आधी फक्त अल्बम घ्यावा. तो पाठ असलेल्यांना मात्र सीडीचा संच निःशंकपणे सुचवतो. एलपी हौसेखातर घ्यायला हरकत नाही, परंतु फोर-ट्रॅकवरच्या ध्वनिमुद्रणाला त्यातून वेगळा उठाव येईल, अशी अपेक्षा ठेवू नये.